कोरपन्याचे स्पिटफायर

लढाऊ विमानाची छोटी प्रतिकृती तयार करायची आणि ती जमिनीवर उभे राहून रेडिओच्या साहाय्याने उडवायची, हा छंद आपल्याकडे शहरी, खर्चिक आणि काहीसा पोरकट समजला जातो. मैदानावर जमलेली माणसे विमान वर गेले की टाळ्या वाजवतात आणि आपटले की हळहळतात. ते विमान करणाऱ्याने आधी किती महिने जुनी छायाचित्रे चाळली असतील, हे त्या टाळ्यांत कुणाच्या ध्यानात येत नाही.

या छंदात दोन वाटा आहेत. पहिल्या वाटेने जाणाऱ्याला विमान फक्त उडायला हवे असते, त्याचा आकार कसाही असला तरी चालतो. दुसऱ्या वाटेला प्रमाणबद्ध प्रतिकृती म्हणतात. तिथे प्रत्यक्षात होऊन गेलेले एखादे विमान ठरावीक प्रमाणात लहान करून उडवायचे असते. इथे पहिला प्रश्न ‘कसे करायचे?’ हा नसून ‘कोणते करायचे?’ हा असतो, आणि त्याचे उत्तर मोघम देऊन भागत नाही. ‘स्पिटफायर करतो’ एवढे पुरेसे नाही. कितव्या आवृत्तीचे, कोणत्या स्क्वॉड्रनचे, कोणत्या वर्षी कोणत्या आघाडीवर असलेले, हे सांगावे लागते. आंतरराष्ट्रीय विमानक्रीडा महासंघाच्या नियमांत या प्रकाराला ‘एफ-४-सी’ असे नाव आहे. स्पर्धकाला विमानासोबत पुराव्यांची फाइल द्यावी लागते. तीन बाजूंचे आराखडे, छायाचित्रे, रंगाचा आधार असे सगळे त्या फाइलीत असते. पंखावरची एखादी खूण दाखवली आणि तिचा पुरावा नसला, तर तिला गुण नाहीत. परीक्षक आधी जमिनीवर विमान आणि फाइल ताडून पाहतात. मग उड्डाण पाहतात.

म्हणजे हा छंद इतिहासलेखनाच्या शिस्तीचा आहे. मग एक प्रश्न विचारून पाहण्यासारखा आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या कडेला, तेलंगणाच्या सीमेला लागून असलेल्या कोरपना तालुक्यातल्या कुणी अशी प्रतिकृती करायची ठरवली, तर त्याने कोणते विमान निवडावे? कापूस, जंगल आणि सिमेंटच्या कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या तालुक्याचा लढाऊ विमानांशी संबंध काय? संबंध आहे. तो थेट स्पिटफायरपर्यंत जातो आणि तिथून परत कोरपन्याच्या शेजारच्या डोंगरांत येतो.

खेळणे आणि शस्त्र

विमानाच्या इतिहासात खेळणे आधी आले. १८७१ साली पॅरिसमध्ये आल्फोन्स पेनो या तरुणाने रबराला पीळ देऊन पंखा फिरवणारे एक छोटे विमान उडवून दाखवले. पंख आणि शेपूट यांची मांडणी योग्य असेल, तर विमान हवेत आपोआप तोल सांभाळते, हे त्या वीतभर खेळण्याने सिद्ध केले. पेनोच्याच धर्तीचे रबरी पीळ असलेले एक उडते खेळणे राइट बंधूंच्या वडिलांनी त्यांना लहानपणी आणून दिले होते. पुढचे सर्वांना माहीत आहे.

रेडिओने चालणाऱ्या विमानांचा इतिहास मात्र पहिल्यापासून लष्कराशी गुंतलेला आहे. ब्रिटिशांनी १९३५ साली ‘क्वीन बी’ नावाचे वैमानिकाविना उडणारे विमान तयार केले. तोफखान्याच्या सरावासाठी हवेत फिरते लक्ष्य हवे होते. या ‘राणी माशी’वरूनच पुढे वैमानिकरहित विमानांना ‘ड्रोन’, म्हणजे नर माशी, हे नाव पडले असे मानले जाते. त्याच सुमारास हॉलिवुडमध्ये रेजिनाल्ड डेनी नावाचा नट विमानांच्या प्रतिकृती विकण्याचे दुकान चालवत होता. पहिल्या महायुद्धात तो ब्रिटिश हवाई दलात होता. त्याच्या छंदातून ‘रेडिओप्लेन’ ही कंपनी निघाली आणि दुसऱ्या महायुद्धात तिने अमेरिकी लष्कराला हजारो रेडिओचलित लक्ष्यविमाने पुरवली. १९४५ साली त्या कारखान्यात कामाला असलेल्या एका तरुणीचे छायाचित्र एका लष्करी छायाचित्रकाराने घेतले. नॉर्मा जीन हे तिचे नाव. पुढे जग तिला मेरिलिन मन्रो म्हणून ओळखू लागले.

उडू न शकणाऱ्या प्रतिकृतीही युद्धाच्या कामी आल्या. १९४२ साली अमेरिकी नौदलाने शाळाशाळांतल्या मुलांना पाच लाख लाकडी विमाने कोरून द्यायला सांगितली. आकाशातले विमान मित्राचे की शत्रूचे, हे क्षणार्धात ओळखायला सैनिकांना शिकवायचे होते. प्रमाण ठरले १:७२. त्यामागे साधा हिशेब होता. या प्रमाणातले विमान पस्तीस फुटांवर धरले, तर ते सुमारे अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढे दिसते. आज दुकानात मिळणाऱ्या प्लास्टिकच्या विमानसंचांतही १:७२ हे प्रमाण सर्रास आढळते.

खेळण्यातून शस्त्र झाले आणि शस्त्रातून पुन्हा खेळणे, अशी ही देवाणघेवाण आहे. छंदासाठी तयार झालेल्या छोट्या मोटारी आणि हलक्या बॅटऱ्या आजच्या युद्धांतल्या ड्रोनमध्ये बसतात. त्यामुळे लढाऊ विमानाची प्रतिकृती हाताळणारा माणूस नुसत्या खेळण्याशी खेळत नसतो.

महाराष्ट्रातले पर्याय

महाराष्ट्रात ‘पहिले विमान’ म्हटले की शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव निघते. १८९५ साली मुंबईत चौपाटीवर त्यांनी वैमानिकाविना विमान उडवले, ते पंधराशे फूट वर गेले, असे सांगितले जाते. प्रतिकृतीकाराच्या दृष्टीने या कथेची अडचण वेगळी आहे. त्या विमानाचा खात्रीचा आराखडा नाही, छायाचित्र नाही, मापे नाहीत. ‘वैमानिकशास्त्र’ या ग्रंथातल्या विमानांचा अभ्यास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १९७४ साली केला. ती विमाने उडण्याजोगी नाहीत आणि ग्रंथही विसाव्या शतकातला आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. अभिमान कितीही असला, तरी पुराव्यांच्या फाइलीत घालायला कागद नसेल तर प्रतिकृती होत नाही. या छंदाची ही शिस्त इतिहासाच्या इतर अनेक वादांतही उपयोगी पडावी.

दुसरा पर्याय भक्कम आहे, तो म्हणजे नाशिकजवळच्या ओझरचे मिग-२१. हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या या कारखान्याची उभारणी साठच्या दशकात झाली, आणि तिथून सहाशेहून अधिक मिग-२१ बाहेर पडली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला या विमानाला हवाई दलाने निरोप दिला. नागपुरात जन्मलेले एअर चीफ मार्शल प्रदीप नाईक हे याच विमानाचे वैमानिक. मिगचे पंख त्रिकोणी आणि आखूड असल्याने त्याची प्रतिकृती उतरवताना हात थरथरतो, पण पुराव्यांची वाण नाही.

छंद शिकण्याची सोयही आहे. राष्ट्रीय छात्रसेनेचा हवाई विभाग १ एप्रिल १९५० रोजी सुरू झाला तो मुंबई आणि कोलकाता इथल्या एकेका स्क्वॉड्रनने. नागपुरात छात्रसेनेची २ महाराष्ट्र एअर स्क्वॉड्रन आहे. हवाई विभागाच्या छात्रांना एरोमॉडेलिंग हा विषयच असतो. फक्त मांडून ठेवायची विमाने, दोन तारांना बांधून भोवती गरगर फिरवायची विमाने आणि रेडिओवर चालणारी विमाने अशा पायऱ्या ते चढतात. हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालयही नागपुरातच आहे. चंद्रपूरच्या मुलाला खरे विमान जवळून पाहायचे, तर त्याचा रस्ता बहुधा नागपूरकडेच जातो.

पण हे सगळे नाशिकचे आणि नागपूरचे झाले. कोरपन्याचे काय?

वर्धेच्या पलीकडचा मुलूख

नकाशावर पाहिले तर कोरपना पैनगंगेच्या दक्षिणेला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेला आहे. आज नदीच्या दोन्ही तीरांवर एकच राज्य आहे. १९५६ पूर्वी तसे नव्हते. कोरपना हा तेव्हा स्वतंत्र तालुका नव्हता. तो राजुरा तालुक्याचा भाग होता, आणि राजुरा निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. बल्लारपूरहून वर्धा ओलांडली की माणूस इंग्रजांच्या मध्य प्रांतातून निजामाच्या मुलखात जाई. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत राजुरा मुंबई राज्यात आला, आधी नांदेड जिल्ह्याला जोडला गेला आणि १९५९ साली चांदा जिल्ह्यात दाखल झाला. पैनगंगेच्या उत्तरेचा वऱ्हाडही नावापुरता निजामाचाच होता. इंग्रजांनी तो १८५३ मध्ये ताब्यात घेतला आणि १९०२ मध्ये कायमच्या भाडेपट्ट्यावर घेतला.

म्हणजे दोन्ही महायुद्धांच्या काळात कोरपन्याच्या शेतकऱ्याचा सारा हैदराबादला जात होता. आणि हैदराबादचा निजाम मीर उस्मान अली खान त्या काळी जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून गाजत होता. त्याने इंग्रजांच्या युद्धांना दिलेल्या देणग्यांमध्ये विमाने होती.

१९१८ साली ब्रिटिश हवाई दलाच्या ११० क्रमांकाच्या स्क्वॉड्रनला डीएच-९ए जातीची बॉम्बफेकी विमाने मिळाली, ती निजामाच्या पैशातून. प्रत्येक विमानावर तसा मजकूर रंगवलेला होता, आणि स्क्वॉड्रनच्या नावाला ‘हैदराबाद’ जोडले गेले. त्यांतले एक विमान, क्रमांक एफ-१०१०, ऑक्टोबर १९१८ मध्ये जर्मन हद्दीत उतरले आणि शत्रूच्या हाती लागले. जर्मनांनी ते बर्लिनच्या संग्रहालयात मांडले. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत ते पोलंडला पोहोचले आणि १९७० च्या दशकात लंडनच्या हवाई दल संग्रहालयात परतले. निजामाचे नाव लावलेले ते विमान आजही तिथे आहे.

दुसऱ्या महायुद्धात हीच रीत मोठ्या प्रमाणावर चालली. एका स्पिटफायरची किंमत ढोबळमानाने पाच हजार पौंड धरली जाई, आणि तेवढी रक्कम देणाऱ्या गावाचे, संस्थानाचे किंवा संस्थेचे नाव विमानावर येई. बडोद्याच्या गायकवाडांमुळे १२४ क्रमांकाची स्क्वॉड्रन ‘बडोदा स्क्वॉड्रन’ झाली. निजामाच्या देणगीमुळे १५२ क्रमांकाची ‘हैदराबाद’, तर २५३ क्रमांकाची ‘हैदराबाद स्टेट’ स्क्वॉड्रन झाली. २५३ कडे हरिकेन विमाने होती आणि १५२ कडे स्पिटफायर. या १५२ च्या बोधचिन्हावर निजामाची पगडी आहे आणि तिच्याखालच्या इंग्रजी ब्रीदाचा अर्थ ‘विश्वासू दोस्त’ असा होतो.

पैसा दिवाणी खजिन्यातला असो की निजामाच्या खासगी जहागिरीतला, तो रयतेच्या साऱ्यातूनच जमा झालेला होता. पैशाला गावाचे नाव नसते, त्यामुळे त्या विमानाचा एखादा खिळा कोरपन्याचा होता असे कुणी म्हणू नये. पण ते विमान ज्या मुलखाच्या पैशावर उभे राहिले, त्या मुलखात कोरपना होता. हा दुवा कागदोपत्री पक्का आहे, आणि फाइलीच्या पहिल्या पानासाठी तेवढा पुरतो.

झेप घेणारा बिबट्या

१५२ स्क्वॉड्रन ऑक्टोबर १९३९ मध्ये उभी राहिली. १९४० च्या उन्हाळ्यात आणि शरदात ‘ब्रिटनची लढाई’ पेटली, तेव्हा ती दक्षिण इंग्लंडमधल्या वॉर्मवेल तळावरून लढत होती. पोर्टलंडच्या नौदल तळाकडे येणारी जर्मन विमाने अडवणे हे तिचे मुख्य काम. तिथून ती उत्तर आफ्रिका, सिसिली, इटली असा प्रवास करत १९४३ च्या अखेरीस भारतात आली. आराकान, इंफाळ आणि पुढे ब्रह्मदेश अशी तिची वाटचाल युद्ध संपेपर्यंत चालली. १९४६ मध्ये सिंगापुरात ती बरखास्त झाली.

प्रतिकृतीकाराने निवडावे ते या ब्रह्मदेशाच्या आघाडीवरचे आठव्या आवृत्तीचे स्पिटफायर. कारण त्याच्या खुणा दुसऱ्या कुठल्याही विमानाशी जुळत नाहीत. धडावर स्क्वॉड्रनची ‘यूएम’ ही अक्षरे, आणि धडाच्या बाजूवर, गोल चिन्हावरून उडी मारणारा, अंग ताणलेला काळा बिबट्या. ताडोबाच्या जंगलात अलीकडे काळ्या बिबट्याचे दर्शन झाले, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात केवढे कौतुक झाले! त्याच्याही सात दशके आधी हैदराबादचे नाव लावलेल्या विमानावर हा प्राणी ब्रह्मदेशाच्या आकाशात फिरत होता, हा योगायोगच, पण रंगवणाऱ्याच्या हाताला हुरूप देणारा.

गोल चिन्हाकडे नीट पाहावे लागते. ब्रिटिश विमानांवर निळ्या कड्याच्या मध्ये लाल ठिपका असे. जपानी विमानांवर सूर्याचे लाल बिंब असे. घाईच्या क्षणी लाल दिसले की गोळी झाडली जाई, मग विमान आपले असो की परके. म्हणून आग्नेय आशियाच्या आघाडीवर लाल रंगच काढून टाकला गेला आणि गडद व फिक्या निळ्याचे चिन्ह आले. तांबड्या ठिपक्याचे स्पिटफायर रंगवून त्यावर बिबट्या काढला, तर बघणाऱ्याला ते सुंदर दिसेल. पण तसे विमान त्या आघाडीवर नव्हते.

पाचपट लहान म्हणजे किती?

आठव्या आवृत्तीच्या स्पिटफायरच्या पंखांचा नेहमीचा विस्तार ११.२३ मीटर. १:५ प्रमाण धरले तर प्रतिकृतीचे पंख सव्वादोन मीटरचे होतात. इथवर हिशेब सरळ आहे. पुढे तो वाकडा होतो. लांबी पाचपट कमी केली की पंखांचे क्षेत्रफळ पंचवीसपट कमी होते आणि वजन, सगळे प्रमाणात ठेवले तर, सव्वाशेपट. भरलेल्या स्पिटफायरचे वजन सुमारे साडेतीन हजार किलो. म्हणजे प्रतिकृती २८ किलोची भरेल. प्रत्यक्षात करणारा ती दहा किलोच्या आत ठेवायला धडपडतो, कारण ती जितकी हलकी तितकी सावकाश उतरते.

वजनाला आता कायद्याचीही मर्यादा आहे. ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांत शिक्षण, संशोधन किंवा मनोरंजनासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या रेडिओचलित प्रतिकृतींना वेगळे स्थान दिले आहे, आणि त्यांचे एकूण वजन २५ किलोपेक्षा जास्त असता कामा नये. हुबेहूब वजनाचे १:५ स्पिटफायर या व्याख्येत बसणारच नाही. सरकारी नकाशात ज्या भागाला हिरवा रंग आहे, तिथेही उंची ४०० फुटांपर्यंतच. कोरपना हा सीमेवरचा तालुका, जिल्ह्याच्या शेजारी गडचिरोली. इथे आकाशात काहीतरी घरघरले की लोक पोलिसांना फोन करणार, हे गृहीत धरून ठाण्यात आधी सांगून ठेवलेले बरे.

वेगाचीही अशीच गंमत आहे. खरे स्पिटफायर ताशी सुमारे साडेसहाशे किलोमीटरने जाई. प्रतिकृती ताशी १३० ने गेली, तरच ती बघणाऱ्याला खऱ्यासारखी वाटते. त्याहून वेगाने नेली तर डासासारखी सैरावैरा दिसते. परीक्षक उड्डाणात हेच पाहतात. विमान पडले नाही, एवढ्यावर गुण मिळत नाहीत. ते त्या विमानासारखे उडावे लागते.

स्पिटफायरचा पंख लंबवर्तुळाकार आहे. डोळ्यांना तो सुरेख दिसतो, कारागिराला मात्र रडवतो. सरळ पंखाच्या फासळ्या एका मापाच्या कापून भागते. इथे प्रत्येक फासळी वेगळ्या मापाची. शिवाय पंखाला मुळापासून टोकापर्यंत अडीच अंशांचा हलका पीळ आहे. वेग कमी झाला की पंखाच्या टोकाची उचल आधी संपू नये, म्हणून मूळ रचनाकारांनी तो ठेवला. प्रतिकृतीत हा पीळ राहून गेला, तर उतरताना एक पंख अचानक कोसळतो आणि विमान कुशीवर जाते. मूळ विमानाच्या नाकात मर्लिन इंजिनाचे शेकडो किलो वजन होते. प्रतिकृतीत विजेची मोटार हलकी, म्हणून बॅटरी पार पुढे सरकवावी लागते आणि तरीही नाकात शिसे भरावे लागते. चाकांमधले अंतर कमी, त्यामुळे मुरमाड जमिनीवर उतरताना विमान एका अंगावर कलंडते. खऱ्या वैमानिकांचीही हीच तक्रार होती.

साहित्याच्या बाबतीत मात्र कोरपन्याचा माणूस अगदीच परावलंबी नाही. विमान-प्रतिकृतीचे पारंपरिक लाकूड बाल्सा, ते मुख्यतः दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरहून येते. आपल्याकडची काटेसावर हलकी खरी, पण बाल्साहून दुपटीने जड. बांबूची गोष्ट वेगळी. प्रतिकृती करण्याची कला नवी होती, तेव्हा पंखांच्या गोलाईसाठी बांबूच्या कामट्या आचेवर वाकवून वापरत. पतंग करणाऱ्या कुणालाही ही युक्ती सांगावी लागत नाही. स्पिटफायरच्या पंखाचे गोल टोक करायला तासलेल्या कामटीइतके सोपे, हलके आणि चिवट दुसरे काही नाही. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांत बांबूला तोटा नाही.

हवामान मात्र कठोर आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांचे मॉस्किटो हे विमान बर्च आणि बाल्साच्या थरांचे, डिंकाने चिकटवलेले होते. १९४४ साली भारतात काही मॉस्किटोंचे पंख हवेतच निखळले, माणसे दगावली आणि ती विमाने काही काळ जमिनीवर ठेवावी लागली. दमट-उष्ण हवा, डिंक आणि जोडणीतले दोष यांचा तो परिणाम होता. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. पावसाळ्यात तीच हवा ओली होते. जे खऱ्या विमानाचे झाले ते प्रतिकृतीचेही होते. पंख वाकतो, कागद सैलावतो, चिकटवलेले सुटते. शिवाय पंचेचाळीस अंशांवरची हवा पंधरा अंशांच्या हवेपेक्षा सुमारे एकदशांशाने विरळ, म्हणजे उचलही तेवढीच कमी. त्यामुळे इथला उड्डाणाचा हंगाम दिवाळीनंतरचा, आणि वेळ सकाळची. घारी गरम हवेवर गिरक्या घेऊ लागण्याआधी विमान उतरलेले असावे.

फाइलीचे शेवटचे पान

आता विमान तयार आहे. आराखडे, छायाचित्रे, बिबट्या, निळे गोल चिन्ह, पगडी, सगळ्याचे पुरावे फाइलीत आहेत. स्पर्धेच्या नियमांप्रमाणे फाइल इथे पूर्ण होते. कोरपन्याच्या प्रतिकृतीकाराची मात्र होत नाही. त्याला आणखी एक पान जोडावे लागेल.

१९४० च्या ज्या महिन्यांत १५२ स्क्वॉड्रनची स्पिटफायर विमाने डॉर्सेटच्या आकाशात लढत होती, त्याच महिन्यांत निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात, म्हणजे तेव्हा राजुरा ज्या जिल्ह्यात होता तिथेच, जोडेघाटच्या डोंगरात कुमरम भीम हा गोंड पुढारी निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला. जंगल राखीव झाले होते, कसत असलेल्या जमिनीवर हक्क नव्हता, चराई आणि लाकडासाठी दंड भरावा लागत होता. पाणी, जंगल आणि जमीन आमची आहे, एवढीच त्याची मागणी होती. पुढे या भागातल्या गोंडांचा अभ्यास ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाने केला. जर्मन पासपोर्ट असल्यामुळे युद्धकाळात इंग्रजांनी त्याला हैदराबाद संस्थानातच अडकवून ठेवले होते, म्हणूनच तो या डोंगरांत पोहोचला. १९४८ साली त्याचा आदिलाबादच्या राजगोंडांवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

एकाच सत्तेने एका हाताने दूरदेशीच्या स्वातंत्र्यासाठी विमाने दिली आणि दुसऱ्या हाताने घरच्या डोंगरात दंड वसूल केला. ‘विश्वासू दोस्त’ हे ब्रीद लंडनकडे तोंड करून होते. साऱ्याचा आणि दंडाचा पैसा देणाऱ्या माणसाशी ती दोस्ती नव्हती.

गुंतागुंत इथेही संपत नाही. १९४४ मध्ये इंफाळच्या लढाईत ब्रिटिशांच्या बाजूने उडणाऱ्यांत आपलेही वैमानिक होते. अर्जनसिंग यांच्या नेतृत्वाखालची भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वॉड्रन तिथेच हरिकेन विमानांवर लढली. खाली जपान्यांबरोबर आझाद हिंद सेनेचे जवानही होते. बिबट्याचे चिन्ह मिरवणारे विमान त्यांच्या विरुद्ध बाजूला होते. स्पिटफायर ‘आपले’ म्हणावे, तर हेही आपलेच.

आणि चार वर्षांनी काळाने आणखी एक वळण घेतले. दोन महायुद्धांत इंग्रजांना स्क्वॉड्रनी बहाल करणाऱ्या निजामाकडे, सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजा हैदराबादेत शिरल्या तेव्हा, मुकाबल्याला लढाऊ विमाने नव्हती. त्याआधी सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून चोरून त्याला शस्त्रे आणून देत होता. १३ सप्टेंबरला भारतीय हवाई दलाची टेम्पेस्ट विमाने हैदराबाद संस्थानावर आली, आणि १७ सप्टेंबरला सगळे संपले. कोरपना, राजुरा आणि शेजारची गावे त्या दिवसापासून मोकळ्या हवेत आली.

मग कोरपन्याच्या माणसाने हे विमान करावे की करू नये? करावे. त्यावर लढलेली तरुण मुले फॅसिझमविरुद्ध लढली आणि त्यांतली बरीच परत गेली नाहीत, हे खरे आहे. ज्यांच्या पैशावर ते विमान उभे राहिले त्यांना त्या युद्धात कुणी विचारले नव्हते, हेही तितकेच खरे आहे. प्रतिकृती लहान करताना वजन सव्वाशेपट कमी होते, पण युद्धाची किंमत त्या प्रमाणात कमी होत नाही. मैदानावर विमान सुरेख दिसते, कारण त्यात कुणी मरत नाही. म्हणून तर फाइल लागते. पंखाचा पीळ बरोबर आहे का, निळा रंग बरोबर आहे का, हे तपासणाऱ्या माणसाने विमानाचा पैसा कुठून आला हेही तपासले, तर छंदाची शिस्त पूर्ण होते.

असे विमान कधी कोरपन्याच्या एखाद्या शाळेच्या मैदानावर उडाले, तर जमलेल्या मुलांना बिबट्या आधी दिसेल. ती बिबट्याबद्दल विचारतील, मग पगडीबद्दल, मग निजामाबद्दल. शेवटी एखादे मूल विचारेल, तेव्हा आपले लोक काय करत होते? त्या प्रश्नाचे उत्तर जोडेघाटच्या पानावर आहे. ते पान फाइलीत असायला हवे.